अस्वलाची आई आणि आमचे मालक

आमच्या मालकांनी आयुष्यात एकही गोष्ट जशी हातात आली तशी पुढे दिली नाही. निरोप असो, बातमी असो की सिनेमा, त्यांच्या हातून गेलेली वस्तू थोडी बदलूनच पलीकडे पोचायची. एकदा शेजारीण त्यांना म्हणाली, "काकूंना सांगा, तुमचा नळ सकाळपासून वाहतो आहे, आमच्या अंगणात चिखल झाला." मालक घरात येऊन सांगते झाले, "बाजूची बाई म्हणून राहिली, तुमच्याकडे पाणी बम येते, नशीबवान आहा." काकू, म्हणजे आमच्या मालकीणबाई, खूश. त्यांनी तिला ताटलीभर भजी पाठवली. ती बाई ताटली हातात घेऊन, तोंडाचा आ करून आमच्या दाराकडे पाहत उभी राहिली. हे सगळं पाहूनही मालकांचा स्वभाव माझ्या ध्यानात यायला चार वर्षं लागली, आणि आला तेव्हा बसलेला धक्का अजून पुरता ओसरलेला नाही.

मी रत्नागिरीकडचा. चौथीत शाळा सुटली. वीस वर्षांचा झालो तेव्हा घरी कुणाला न सांगता आंब्याच्या ट्रकवर चढलो आणि थेट नागपुरात, कळमन्याच्या बाजारात, पेट्या उतरवताना ऊन लागून आडवा झालो. डोळे उघडले तेव्हा गोल चेहऱ्याचा एक माणूस माझ्या तळपायाला कांदा चोळत होता आणि जमलेल्या लोकांना सांगत होता, "सरका गा, हवा येऊ द्या. माह्या ओळखीचा आहे तो." मी त्यांना जन्मात पाहिलेलं नव्हतं. ते आंबे घ्यायला आले होते, मला घेऊन गेले.

लकडगंजात त्यांचं व्हिडिओ कॅसेटींचं दुकान होतं. वरच्या खोलीत मला जागा मिळाली आणि काउंटरमागे एक स्टूल. त्या दिवसापासून माझ्या मनात दोनच गोष्टी वस्तीला आल्या, एक उपकार आणि दुसरी भीती. चार दिवस गावी जावं असं फार वाटे. पण मी गेलो आणि माझ्या स्टुलावर दुसरा कोणी बसला तर? आणि गावी जाऊन दारातूनच हाकललं तर? मालकांनी घरी माझा पत्ता कळवला होता, त्यावर थोरल्या भावाची पत्रं येत. मला छापील अक्षर वाचता येई, पण भावाचं गिचमिड अक्षर काही लागत नसे. मग मालकच पत्र हातभर लांब धरून वाचत. "आई तुझी आठवण काढते. आंबे उतरायले आले. एकदा येऊन जा." रत्नागिरीत कोणी 'उतरायले' म्हणत नाही, हेसुद्धा माझ्या डोक्यात कधी आलं नाही. त्या दोन ओळींवर मी पुढचा महिना काढत असे. उत्तर मी सांगायचं आणि मालकांनी लिहायचं.

मालकांच्या घरी पिढ्यान्‌पिढ्या हातमाग. माग विकून त्यांनी दुकान टाकलं, पण बोटं विणकराचीच राहिली. नवी कॅसेट आली की तिचं झाकण उघडून आतली फीत अंगठा आणि बोटात धरत, लुगड्याचा पोत पाहावा तशी. विकलेली कॅसेट जुन्या लुगड्याच्या काठाच्या तुकड्यात गुंडाळून देत आणि वर बजावत, "धुवाची नाही बरं." यंत्रात अडकून फीत तुटली की दुसरे दुकानदार कॅसेट फेकून देत. मालक त्या फेकलेल्या कॅसेटी मागून आणत, ब्लेड आणि चिकटपट्टी घेऊन बसत आणि फीत अशी जोडत की सांधा सापडू नये. "सूत काय अन् फीत काय, तुटली का जोडाची," म्हणत. जोडताना मधला चुरगळलेला भाग काढून टाकावा लागे. कुठला भाग चुरगळलेला हे मालक ठरवत.

गिऱ्हाइकाला हवी ती कॅसेट मिळेलच असंही नव्हतं. एक हवालदार दर रविवारी मारामारीचा सिनेमा न्यायला येत. एका रविवारी मालकांनी त्यांच्यासमोर कार्टून ठेवलं.

"हे पोट्ट्यायचं आहे ना गा?" हवालदार म्हणाले.

"हप्ताभर मारामारीच पाहून राहिले ना तुमी? मग घरी काहून पाहता?"

मला वाटलं, आता दुकानाला कुलूप लागतंय. दुसऱ्या दिवशी हवालदार आले, टोपी काढून काउंटरवर ठेवली आणि हळूच म्हणाले, "तो ससा पुढच्या भागात येते का?"

मालक स्वतः कार्टूनशिवाय काही पाहत नसत. रोज सकाळी दुकानात झाडू मारून झाला की चहा घेऊन बसत आणि रंगवलेल्या उंदरांना नावानिशी रागे भरत. हिरोचे सिनेमे त्यांना पटत नसत. "हिरोले पैसे भेटते. या अस्वलाले काय भेटते? तरी पाह्य कसं जीव तोडून काम करते."

ते अस्वल म्हणजे आमच्या विक्रीचा विक्रम. एका परदेशी कार्टूनमधलं अस्वलाचं पिल्लू. आई नदीकडे धावते, पुढे पिल्लू एकटंच रानात भटकत मोठं होतं, आणि अगदी शेवटी गुहेत आईच्या कुशीत शिरून झोपतं. ही कॅसेट मालकांना तुटक्या मालात मिळाली होती. त्यांनी जोडली आणि दोन यंत्रं एकमेकांना लावून तिच्या प्रती काढायला लागले. परवाना वगैरे गोष्टी तेव्हा आमच्या गल्लीत कोणी विचारत नसे. एरवी लोक कॅसेट भाड्यानं नेत. पण हिची रोज तीच मागणी, रोज त्याच घरातून. शेवटी आईबाप हात जोडून म्हणू लागले, "विकतच द्या बाप्पा, पोट्टे जेवत नाहीत." उन्हाळ्याच्या सुट्टीत तर कहर झाला. कोऱ्या कॅसेटींचं खोकं सकाळी फोडावं तर दुपारी रिकामं. यंत्रं तापायला लागली म्हणून मालकांनी वाळ्याचा कूलर त्यांच्याकडे फिरवला आणि आम्ही दोघं घामानं निथळत बसलो. मी कुरकुरलो तर म्हणाले, "तुले आंघोळ करता येते. मशीन काय करते?" मुंबईहून कोऱ्या कॅसेटी पुरवणाऱ्या माणसाला आमची मागणी खरी वाटेना. तो स्वतः येऊन रांग पाहून गेला. जाताना मला बाजूला घेऊन विचारतो, "हे गाव आहे की अस्वलांची वस्ती?"

आणि त्याच रांगेत एक दिवस शाळेच्या एक बाई उभ्या राहिल्या. हातात दोन कॅसेटी. एक आमची, एक त्यांच्या भावानं परदेशातून आणलेली.

"तुमची कॅसेट खोटी आहे," त्या सगळ्यांदेखत म्हणाल्या. "अस्वलाची आई पुरात मरते. मी डोळ्यांनी पाहिलं."

मी हजारदा पाहिलेला सिनेमा. त्यांनी त्यांची कॅसेट लावायला लावली. खरंच, आई वाहून जात होती, पिल्लू काठावर ओरडत होतं. आणि शेवटी कुठेच गुहा नव्हती. ती गुहा सुरुवातीची होती. मालकांनी पूर कापून टाकला होता आणि सुरुवातीचा तुकडा उचलून शेवटाला जोडला होता. आता रांगेतले सगळे कॅसेटी परत आणणार, दुकान बसणार आणि मी पुन्हा कळमन्याच्या उन्हात, एवढंच मला दिसत होतं.

"अहो, निदान एवढं तरी पाहायचं," बाई म्हणाल्या. "मोठं झालेलं अस्वल शेवटी एकदम एवढंसं कसं झालं?"

मालकांना प्रश्नच कळला नाही. "बाई, मायपाशी गेल्यावर कोणी मोठं राहते का?"

बाईंनी परदेशी कॅसेट पर्समध्ये घातली आणि म्हणाल्या, "आमच्या शाळेसाठी तुमचीच आणखी एक द्या." रांग जराही हलली नाही.

मी मात्र हललो होतो. जो माणूस अस्वलाची आई वाचवतो, तो पत्रं कशी वाचत असेल? मी वर जाऊन ट्रंक उघडली. चार वर्षं कॅसेटींवर नावं लिहून आणि गिऱ्हाइकांच्या चिठ्ठ्या उलगडून मला आता हाताचं अक्षर लागायला लागलं होतं. एकेक अक्षर बोटानं धरत भावाची पत्रं वाचली. 'न सांगता गेलास. आईने तुझे नाव टाकले आहे. येऊ नकोस.' दुसऱ्यात तेच. तिसऱ्यातही तेच. कुठल्याच पत्रात आठवण नव्हती, आंबे नव्हते.

पत्रं घेऊन मी खाली आलो आणि काउंटरवर टाकली. पहिल्यांदाच मालकांवर ओरडलो. "तुम्ही मला चार वर्षं खोटं वाचून दाखवलंत!"

काकू बाहेर आल्या. "म्या म्हटलं होतं तुमाले," त्या मालकांना म्हणाल्या, "हे एक दिवस अंगावर येईन म्हणून."

मालकांनी ब्लेड खाली ठेवलं. "कोणती माय पोराचं नाव टाकते गा? तुह्या भावानं रागात खोटं लिहिलं. मी खरं वाचलं."

"आणि खरंच टाकलं असेल तर?"

"तर जाऊन पाह्य. स्टूल कुठी जात नाही तुहं."

मी गेलो. भाऊ दारातच आडवा उभा राहिला. आई मागल्या अंगणात आमसुलं वाळत घालत होती. "कोण आलंय रे?" तिनं विचारलं. ती तशीच आली, कोकमाच्या रसानं लाल झालेल्या हातांनी माझं तोंड धरलं आणि म्हणाली, "वाटेत काही खाल्लंस की नाही?" दोन्ही गालांवर पाचपाच बोटं उठली होती. मी संध्याकाळपर्यंत तोंड धुतलं नाही.

तिथून मी मालकांना स्वतःच्या हातानं पत्र टाकलं. आयुष्यातलं पहिलं. फार सुचलं नाही. 'पोचलो. आई बरी आहे. सोमवारी निघतो. माझ्या जागेवर कुणाला बसवू नये ही विनंती.'

मालक जाऊन आता पुष्कळ वर्षं झाली. परवा नागपूरला गेलो होतो तेव्हा काकूंनी ते पत्र काढून दाखवलं, काठाच्या तुकड्यात गुंडाळलेलं. म्हणाल्या, "तुह्या या चार ओळी ते दुकानात येईल त्याले दीड पान वाचून दाखवत. रोज येगळंच." गाव कसा गोळा झाला, आईनं किती माप तांदूळ शिजवला, भाऊ कसा रडला. आणि शेवटी दरवेळी एकच ओळ, न चुकता. 'आईने तुम्हां दोघांस नमस्कार सांगितला आहे.'

तो नमस्कार तिनं खरंच सांगितला होता. मी लिहायला विसरलो होतो.