पाय असलेली अक्षरं

सेलूला तहसीलसमोर एका टायपिस्टचं दुकान आहे. चष्मा कपाळावर चढवून तो टाइप करतो आणि गिऱ्हाइकाला स्क्रीनकडे कधी बघू देत नाही. "कोणतंही अक्षर चालते," असं फॉन्टबद्दल कोणी म्हटलं की त्याचं डोकं फिरतं. "काऊन चालते? लग्नात कोणतीही चप्पल घालून जाता का?"

परवा पोरीला घेऊन गेलो. तिचा शिष्यवृत्तीचा इंग्रजी अर्ज एकाच पानात बसवायचा होता आणि चार ओळी बाहेर जात होत्या.

"शेवटच्या काटून टाका, काका," ती म्हणाली. त्यात काय लिहिलंय, ते मला सांगेना.

त्याने त्या ओळी वाचल्या आणि माझ्याकडे पाहिलं. "काही काटू नको. टाइम्स लावतो. विलायतेत पेपरासाठी बनवलं होतं हे अक्षर. थोड्या जागेत जास्त मजकूर मावला पाहिजे, म्हणून अंगानं बारीक. अन् खाली पाय आहेत याले, म्हणून वाचाले सोपं जाते."

त्याने अक्षर बदललं आणि सगळा मजकूर एका पानात मावला.

मग इतक्या वर्षांत पहिल्यांदा त्याने स्क्रीन माझ्याकडे वळवली आणि शेवटच्या ओळींवर बोट ठेवलं. "तुमची पोरगी लिहून राह्यली, मी रोज सकाळी बाबासोबत वांगी तोडते, मग कॉलेजले जाते. हेच काटाले सांगत होती."

मी पोरीकडे पाहिलं. तिला आमच्या वावराची लाज वाटते की काय?

"जागाच नव्हती ना, बाबा," ती हसून म्हणाली.

माझा जीव भांड्यात पडला. तोवर त्याने स्क्रीन पुन्हा आपल्याकडे फिरवून घेतली होती.