थर्माकोलचा उजेड

रोज सकाळी शटर वर केलं की फोटोमामा आधी स्वतःच गिऱ्हाइकाच्या स्टुलावर बसायचे. कॅमेऱ्याला टायमर लावलेला, पाठ ताठ, हात मांडीवर. खटका पडला की उठून नाकाची सावली कुठे पडली तेवढं बघायचे, छत्रीचा दिवा बोटभर सरकवायचे आणि फोटो पुसून टाकायचे.

"ठेवा की एखादा," लेक म्हणायची.

"या थोबाडाचं काय लोणचं घालायचंय?"

सगळी गल्ली त्यांना फोटोमामा म्हणायची. लेक चौथीत असताना तिची आई गेली, तेव्हापासून तिचा अभ्यास, जेवण, रुसणं, सगळं स्टुडिओच्या पडद्यामागेच झालं. खिळ्याला एक काळा कोट टांगलेला असे, अर्जासाठी फोटो काढायला येणाऱ्यांकरता. किरकोळ अंगाच्या माणसाला तो गोणीसारखा व्हायचा. मग मामा मागून कापड चिमटीत धरून कपडे वाळत घालायचे चिमटे लावायचे. पुढून बघावं तर कोट जणू त्याच्याच मापाचा शिवलेला. मांडीवर थर्माकोलचा पांढरा तुकडा ठेवला की खालून उजेड उसळायचा आणि बसलेले गाल भरून यायचे. "माणूस आजारी असला तरी नोकरीच्या अर्जावर आजारी दिसू नये," असं त्यांचं म्हणणं.

बारावीनंतर लेकीला सिनेमाच्या दोन कॉलेजांत जागा मिळाली. एक गावातच, बसने अर्ध्या तासावर. तिथे सिनेमे दाखवायचे, त्यांवर लिहून घ्यायचे. कॅमेरा हातात यायचा तो शेवटच्या वर्षी, तोही दहाजणांत एक. दुसरं रात्रभराच्या आणि वर दिवसभराच्या रेल्वे प्रवासावर. तिथे पहिल्याच महिन्यापासून दिवे, कॅमेरा, अंधारी खोली. तिला दुसरंच हवं होतं. पण त्या उन्हाळ्यात मामांच्या ताटात अर्धी पोळी उरायला लागली होती.

"मी इथलंच घेते," ती म्हणाली. "तुम्ही हल्ली धड जेवत नाही."

"मी जेवत नाही म्हणून तू सिनेमावर निबंध लिहीत बसणार? हे कुठल्या डॉक्टरचं औषध?"

"चेष्टा नको, बाबा."

"बरं, नाही करत. पण माझ्या पोटाकडे बघून कॉलेज निवडू नकोस. ते पोट तुझ्याआधीपासून कुरकुरतंय."

ती गेली, पण निम्मं मन घरी ठेवून. गावातल्या कॉलेजच्या मॅडमनी पहिली सहामाही संपेपर्यंत जागा राखून ठेवायचं कबूल केलं होतं. त्या भरवशावर ती गाडीत बसली.

संध्याकाळी दुकान आवरल्यावर मामा स्टुडिओतूनच व्हिडिओ कॉल करायचे. इस्त्रीचा शर्ट, चेहरा उजळ. वसतिगृहातल्या मैत्रिणी म्हणायच्या, तुझे बाबा म्हणजे अगदी हिरो. ती फुशारून जायची.

वर्गात प्रकाशयोजनेचे धडे सुरू झाले. सरांनी एका मुलाला खुर्चीत बसवलं, हनुवटीखाली पांढरा तक्ता धरला. गालांचे खड्डे भरले, डोळ्यांखालचं काळं गेलं. ती मनाशी हसली. त्याच आठवड्यात मॅडमचा फोन आला : येणार असशील तर सोमवारपर्यंत सांग, मग जागा दुसऱ्या कुणाला द्यावी लागेल.

तिने मामांना कॉल लावला. ठरवलं होतं, तोंडाने काहीही सांगोत, चेहरा बघूनच काय ते ठरवायचं.

"दोन घास नीट जातात ना?"

"बघ की. गाल बघ."

तिने निरखून पाहिलं. गाल भरलेले होते. त्यांच्या बुबुळांत दोन पांढरे ठिपके चमकत होते, एक वर दिव्याचा, एक खाली.

"बाबा! खालून थर्माकोल लावलाय ना?"

मामा खो खो हसले. "पकडलंस! हाताची सवय गं, बाई. शिकलीस मात्र."

आपल्याला ओळखता आलं याचाच तिला केवढा आनंद झाला. थर्माकोल का लावलाय, हे विचारायचं तिला सुचलं नाही. दुसऱ्या दिवशी तिने मॅडमना सांगून टाकलं, मी येत नाही.

पुढे थंडीत शेजारच्या झेरॉक्सवाल्या काकूंचा फोन आला. ती पोहोचली तोवर सगळं उरकलं होतं.

"पोटात गाठ होती," काकू म्हणाल्या. "पाण्याचा घोटसुद्धा ठरेना शेवटी. थर्माकोल मीच धरायचे. अगं, हात भरून यायचे माझे. कितीदा म्हटलं, पोरीला बोलवू या. तर म्हणायचे, वहिनी, अर्ध्यात सोडून येईल हो ती. जरा वर धरा, हात हलवू नका."

स्टुलामागच्या खुर्चीवर तो इस्त्रीचा शर्ट होता. पाठीवर कॉलरपासून खालपर्यंत चिमटे, एकाखाली एक. तिने ते काढले तेव्हा शर्ट हातात पसरत पसरत एवढा मोठा झाला, की त्यात दोन माणसं मावली असती.

भिंतीवर लावायला त्यांचा फोटो शोधला. कॅमेऱ्यात गावभरचे चेहरे होते. त्यांचा एकही नव्हता.

शेवटचा कॉल तिनेच केला होता, वसतिगृहाच्या व्हरांड्यातून, घाईघाईत. मागे बल्ब होता. परीक्षेचं काहीतरी सांगत होती ती. मामांचं लक्ष नव्हतं.

"दिव्याकडे पाठ करून काय उभी राहतेस? इकडे वळ," ते म्हणाले. "अजून थोडी. हं. आता दिसतेस."