जाऊबाईंचं कुंकू आणि स्पॅनिशचे दोन भूतकाळ

मुंबईच्या एका पेढीला स्पॅनिश जाणणारा कारकून हवा आहे, असं रत्नागिरीच्या बंदरावर कोणीतरी सांगितलं आणि आमच्या ह्यांच्या डोक्यात वारं शिरलं. साधा मराठी अर्ज लिहिताना ज्यांना घाम फुटे, ते इंग्रजीतून स्पॅनिश शिकवणारं पुस्तक घेऊन पडवीत बसू लागले.

घोडं अडलं ते भूतकाळापाशी. त्या भाषेत साधे भूतकाळच दोन. गोष्ट घडली आणि संपली, तर एक. चालली होती, नेहमी व्हायची, शेवटाचं नाव काढायचं नाही, तर दुसरा. झालं! ‘वडील पूर्णगडला राहत’ या एवढ्याशा वाक्यावर अख्खी संध्याकाळ जाई. राहिले आणि संपलं, की राहत होते? ताटातला भात निवे, पण विद्वान उठत नसत. वर मलाच ऐकवत, “घाई करून चालत नाही. माणसाचं संपलं, असं उगाच कसं लिहायचं?” मी मनातल्या मनात हात जोडी.

घरात खरा प्रश्न होता जाऊबाईंचा. थोरले दीर बोटीवर खलाशी. गेले ते गेलेच; ना पत्ता, ना निरोप. बारा वर्षं माणसाचा ठावठिकाणा लागला नाही, तर दर्भाचा पुतळा करून त्याला अग्नी द्यायचा आणि बायकोचं कुंकू पुसायचं, ही रीत. बारा वर्षं भरली. भटजींनी ह्यांना विचारलं, कारण अग्नी देणारे धाकटे भाऊ हेच. पानाला चुना लावता लावता हे म्हणाले, “उरकून टाकू.” चुन्याची डबी मिटायच्या आत एका बाईचा निकाल!

ठरल्या दिवशी सकाळी दर्भाची जुडी पडवीत आली. मागोमाग जाऊबाई बाहेर आल्या.

“भावजी, बुकातल्या मानसाला मारताना रोज इचार करताव. माज्या घोवाला मारताना नाय केलात?”

ह्यांनी पुस्तकात डोकं खुपसलं. जाऊबाईंनी जुडी उचलली, चुलीत घातली आणि वर भाताचं आधण ठेवलं. भटजी आल्या पावली परत गेले.

मुंबईची जागा केव्हाच भरली, तरी ह्यांचं पुस्तक सुटलं नाही. एकदा मला विचारू लागले, “‘माझा भाऊ बोटीवर काम करी’, इथे कुठला भूतकाळ घालू?”

“आत जाऊन विचारा,” मी म्हटलं.

आत जाऊबाई आरशासमोर कुंकू लावत होत्या. हे उंबऱ्यापर्यंत गेले, तसेच मागे फिरले आणि पुस्तक मिटून फळीवर ठेवलं.