मुंगवड्या आणि सौर ऊर्जा

मी अकोल्यातल्या एका शाळेत आठवीला विज्ञान शिकवतो आणि सौर ऊर्जेचा धडा माझ्या विशेष आवडीचा आहे.

मे महिना होता. जठारपेठेतल्या आमच्या गल्लीतला ट्रान्सफॉर्मर जळाला, आणि नेमकी दुसऱ्या दिवशी दुपारी आमच्या प्राचीची नोकरीसाठी ऑनलाइन मुलाखत! शेवटची फेरी. याआधी दोन ठिकाणी पोरगी शेवटच्या फेरीतूनच परत आली होती, त्यामुळे ती आठवडाभर धड जेवली नव्हती. त्यात तिचा लॅपटॉप म्हातारा. वायर काढली की दहा मिनिटांत डोळे मिटायचा.

"माह्या बहिणीकडे अमरावतीले जाऊ," बायको म्हणाली. "तथी लाइट हाये, कूलर हाये, माणसं हायेत."

सरळ सल्ला! म्हणूनच मला तो पटला नाही.

माझा साळा गजू अकोटच्या पुढे एका धरणात पिंजरे टाकून मासे पाळतो. राखणीसाठी तो पाण्यावरच राहतो. दोन होड्या एकमेकींना बांधून वर फळ्या ठोकलेल्या, त्यावर पत्र्याची बुटकी खोली, खोलीवर आडवं टाकलेलं सोलर पॅनल, आत बॅटरी आणि इन्व्हर्टर. "सूर्याचा ट्रान्सफॉर्मर जळत नाही!" असं वाक्य मी फेकलं आणि सगळ्यांना गाडीत घातलं. (बायको तेल्हाऱ्याच्या फाट्यापर्यंत बोलली नाही. त्यानंतर बोलली, ते इथे लिहीत नाही.)

सोबत आई होती आणि आईसोबत भिजवलेल्या मुगाच्या डाळीचं पातेलं.

"आई, हे कायले?"

"मुंगवड्या टाकाच्या होत्या. भिजली डाळ काय आता ट्रान्सफॉर्मरवाल्याले देऊ?"

रात्रभर होडीवर पंखा चालला, दिवा चालला आणि माझं व्याख्यानही चाललं. सकाळी आईने डाळ वाटली आणि वाळवणासाठी जागा शोधू लागली. होडीला ना अंगण ना गच्ची. फळ्यांवर माशांचं खाद्य, दोरीवर जाळी. मग मीच जागा दाखवली. खोलीच्या छपरावर, छातीइतक्या उंचीवर, सपाट, गुळगुळीत, दिवसभर उन्हात! मी स्वतः जुनं धोतर अंथरून दिलं, आणि आईने त्यावर ओळीने वड्या टाकल्या.

"पोरगं शिकलेलं हाये माहं," आई म्हणाली. मी मान डोलावली.

दुपारी प्राचीने लॅपटॉप लावला आणि इन्व्हर्टर टुक टुक करून बंद पडला.

"गजू, तुझी बॅटरी गेली!"

"काहून जाईन भाऊजी? काल रातभर तं चालून राहिली होती."

"मग वायर ढिली असेल." मी वायर काढली, पुसली, लावली. टुक टुक. उलटी लावायला गेलो, तर गजूने हात धरला.

"भाऊजी, तुमी शिकवा. लावू नोका."

बायको म्हणाली, "अमरावतीले कूलरसमोर बसलो असतो." मी तिला विद्युतदाब समजावू लागलो. ती पाण्याकडे पाहू लागली. मला आत कुठेतरी फार भीती वाटत होती. पोरगी तयार होऊन, केस बांधून, बंद लॅपटॉपसमोर बसली होती. त्या भीतीने मी बाहेर आलो, पॅनलला टेकून उभा राहिलो आणि विचार करता करता एक अर्धवट वाळलेली वडी तोंडात टाकली. मग दुसरी. ऊन तर इतकं कडक होतं की वीज तयार न व्हायला कारणच नव्हतं!

"बाबा," खिडकीतून प्राचीचा आवाज आला, "आजीच्या वड्या कशावर हायेत?"

मी वडी गिळली.

त्यानंतर होडीवर जो गोंधळ झाला, त्याने पिंजऱ्यातले मासेही तळाला गेले असतील. मी धोतर ओढायला लागलो, आई ओरडली, "अबे, वल्ल्या हायेत, तुटतीन!" गजू म्हणाला, "आई, नोकरी का वड्या?" आई म्हणाली, "दोन्ही!" शेवटी धोतराची दोन टोकं मी धरली, दोन बायकोने, आणि आम्ही पॅनलच्या बाजूला अंतरपाट धरल्यासारखे समोरासमोर उभे राहिलो. गजूने पॅनल पुसलं. सगळे खिडकीतून इन्व्हर्टरकडे पाहत होते.

काही नाही.

"बाबा, सावली!" प्राची किंचाळली.

माझी सावली पॅनलच्या बरोबर मध्ये पडली होती. मी सरकलो, बायकोला माझ्याबरोबर सरकावं लागलं, होडी कलली आणि चार वड्या धरणात गेल्या. आईने "अवो मायबाई" म्हटलं. पण थोड्याच वेळात इन्व्हर्टरचा हिरवा दिवा लागला! लॅपटॉप उघडला, आणि आतून प्राचीचं "गुड आफ्टरनून, सर" ऐकू आलं.

संपूर्ण मुलाखत आम्ही नवरा-बायको तोंडातून शब्द न काढता धोतर ताणून उभे होतो. लग्नानंतर एवढा वेळ एकमेकांकडे पाहत आम्ही पहिल्यांदाच उभे राहिलो असू. मध्येच आतून तीन-चार माणसांच्या हसण्याचा मोठा आवाज आला. धोतराचं एक टोक माझ्या हातातून निसटू लागलं.

"धरा!" बायको पुटपुटली.

प्राची बाहेर आली ती हसत. "बाबा, झालं! चांगलं झालं!" मी धोतर सोडून तिला जवळ घेतलं (उरलेल्या वड्यांचं काय झालं ते आई अजूनही लोकांना सांगते), आणि खरं सांगतो, रडलो. इतकं मोकळं मला स्वतःच्या नोकरीच्या वेळीही वाटलं नव्हतं. पुढच्या आठवड्यात निवडीचं कळलं.

"पण ते हसले काहून?" मी तिथे होडीवरच विचारलं होतं.

"त्यांनी विचारलं, हातात फारसं काही नसताना एखादी अवघड अडचण सोडवल्याचं उदाहरण सांगा. मी म्हटलं, सर, आत्ताच एक सोडवून बसली."

तेव्हापासून मी शाळेत अभिमानाने सांगतो की, लेकीच्या नोकरीत बापाचाही वाटा आहे. उत्तर तिचं होतं, अडचण मी पुरवली.