सड्यावरची चार बोटं माती

ज्या सकाळी मी घर सोडलं, त्या सकाळी माझी पत्र्याची ट्रंक माझ्या धाकट्या भावाने, सखारामने, डोक्यावर घेतली होती. दिवाळी होऊन आठ दिवस झाले होते. भात कापून झालं होतं, पण मळ्यात अजून ओल होती आणि बांधावरून पाय घसरला की घोट्यापर्यंत चिखलात जायचा. चिपळूणला जाणारी बैलगाडी खाली ओढ्याशी उभी होती. सखाने ट्रंक गाडीत ठेवली, चिखलाचे पाय गवताला पुसले आणि लगेच मळ्याकडे वळला, कारण गुरं भाताच्या रचलेल्या उडव्यांत शिरत होती. मला निरोप देण्यापेक्षा त्याला ती गुरं हाकलणं महत्त्वाचं होतं, आणि त्या क्षणी मला त्याचा हेवा वाटला. वास्तविक जायची घाई मलाच होती. तरीही वाटला.

वडील गाडीपर्यंत आले. त्यांना आम्ही बा म्हणत असू. चाकाला हात लावून ते म्हणाले, "सडा तुला दिला म्हणून मनात काय धरू नको. तुझ्या हातात अक्षर हाय. सख्याच्या हातात काय हाय? त्याला मळा नको?"

गाडी सुटली.

ज्यांनी आमचा मुलूख पाहिला नाही त्यांच्यासाठी सांगतो. सावर्ड्याच्या आसपासची जमीन पायऱ्यांसारखी आहे. सगळ्यात वर सडा, म्हणजे मैलभर सपाट जांभा दगड, तांबडा, भोकाभोकांचा. त्याच्यावर कुठे चार बोटं माती, कुठे तीही नाही. पावसाळ्यात सडा हिरवागार होतो, दिव्याच्या अवसेला तिथे गुडघाभर गवत असतं, आणि कार्तिक संपेपर्यंत तेच गवत वाळून पिवळं पडतं. सड्याखाली उतार, त्याला वरकस म्हणतात. तिथे राब जाळून नाचणी-वरी करायची. आणि सगळ्यात खाली, ओढ्याकाठी, मळा. वरची सगळी माती, सगळा पालापाचोळा पावसाबरोबर वाहून शेवटी तिथे येतो. आमचं गाव खोताचं, पण आमची तेवढी जमीन धारेची, स्वतःची. बाने वाटणी तोंडी केली होती. वरकस दोघांत. मळा सखाचा, सडा माझा. म्हणजे वर उभं राहून माझी माती त्याच्याकडे वाहत जाताना बघायची, असाच मी त्याचा अर्थ लावला.

कुंभार्लीचा घाट चढून मी कऱ्हाडला आणि तिथून आगगाडीने सोलापूरच्या पलीकडे गेलो. मोठ्या लढाईच्या अखेरीस आलेली तापाची ती साथ होऊन पाच-सहा वर्षं झाली होती. एका शेतकी फार्मवर मला मोजणीच्या साखळ्या ओढायचं काम मिळालं. पुढे अक्षर चांगलं म्हणून ऑफिसात घेतलं आणि माझ्याकडे मातीचं वर्णन लिहायचं काम आलं. साहेब नगरकडचे होते, शांत आणि काटेकोर. त्यांनी मला शिकवलं की माती बघायची म्हणजे आधी हातात घ्यायची. रंग लिहायचा, खोली लिहायची, चिमटीत चोळून दाणा कसा लागतो ते लिहायचं, पाणी घातल्यावर काय करते, वाळल्यावर काय करते, आणि ती उतारावर आहे की खोलगट जागी, हे कधीही विसरायचं नाही.

तिथली काळी जमीन पहिल्यांदा खणली तेव्हा मी खड्ड्यात उतरलो. पुरुषभर खोल गेलो तरी काळंच. उन्हाळ्यात तिला अशा भेगा पडत की अख्खा हात आत जाई. पाऊस आला की फुगून भेगा मिटत आणि वहाण सोडवून घेता येत नसे. आमच्याकडे एका श्रावणात जेवढा पाऊस पडतो, तेवढा तिथे वर्षभरात पडत नाही. पण ती माती पडेल तो थेंब धरून ठेवते. दिवाळीनंतर पावसाचं नाव नाही आणि तरी जोंधळा डोक्याइतका उंच वाढतो. आमचा जांभा बरोबर उलटा. त्याच्यावर आभाळ कोसळलं तरी पाणी भोकांतून खाली निघून जातं, जाताना मातीतला कस घेऊन जातं, आणि शिमग्यापर्यंत वर प्यायला घोट नसतो. मी तिथल्या शेतकऱ्यांकडे बघत असे. पाऊस कमी पडला म्हणून ते रडत, आणि मला वाटे, अरे, तुम्हाला काय मिळालंय ते तुम्हाला माहीत तरी आहे का!

बायको वर्षाने आली. तिला जोंधळ्याची भाकरी गिळवेना, खारट पाण्यात डाळ शिजेना. "सगळं काळं," ती म्हणायची, "पायसुद्धा." पण आम्ही राहिलो. तुम्ही जे माझ्यासारखे घाट चढून गेलात, त्यांना हे राहणं सांगायला नको. आणि तुम्ही जे मागे राहिलात, तुम्हाला वाटतं की आम्ही सुटलो.

दोन वर्षांनी बा गेला. तार मिळून मी पोचलो तेव्हा दहावं होऊन गेलं होतं, सगळं सखाने केलं होतं. परत निघताना तो म्हणाला, "दादा, तुझा सडा मोकळाच पडलाय. खड्डे मारू काय? आंब्याची कलमं लावून बघतो."

मी हसलो. "मार की. कातळावर डोकं फोडून घे."

मग मी विसरूनही गेलो. त्याची पत्रं शाळामास्तरांच्या हातची येत. गाय व्याली, पूल वाहून गेला, अमक्याचं लग्न. सड्याबद्दल एक ओळ असे, "खड्डे चालू आहेत," आणि मी ती वाचून पुढे जाई.

घर सोडून नऊ वर्षं झाली तेव्हा खात्याने ठरवलं की जांभ्या जमिनीवर कलमांची एक नमुन्याची बाग करायची. जागा कुणा शेतकऱ्याचीच घ्यायची, विहीर खात्याने खणून द्यायची. जागा निवडायला आमचे साहेब निघाले आणि म्हणाले, "तुम्ही चला. तुमचाच मुलूख आहे."

माघ महिना होता. साहेबांचा मुक्काम सावर्ड्याला होता. चार जागा बघून झाल्यावर त्यांना थंडी-ताप भरला. पाचवी जागा म्हणजे आमच्या वाडीतला आमचाच सडा. "तुम्ही एकटे जाऊन वर्णन घेऊन या," ते म्हणाले. "सगळं तुम्हाला येतंच."

मी डोक्यावर सोला हॅट घालून वाडीत शिरलो. सखा मला थेट वर घेऊन गेला. सड्यावर पोचलो आणि मी उभाच राहिलो. चाळीस कलमं होती. प्रत्येक झाड मोहोराने इतकं भरलेलं की पान दिसेना, आणि सगळ्या सड्यावर मधमाश्यांचा आवाज.

"हे सगळं तू?"

"मग कोण?" तो म्हणाला. "ताजा जांभा मऊ असतो. कुऱ्हाडीनं चिरे निघतात. वारा लागला की मग लोखंड होतो. म्हणून पहिल्या दिवशीच खाली जायचं, थांबायचं नाय. कुठं फटीवर पहार बसली तर बरा, नायतर महिना एका खड्ड्याला."

"आणि आत माती कुठली घातलीस?"

"मळ्यातली. आणखी कुठली असणार?"

तो हे इतक्या सहज बोलला की मला क्षणभर कळलंच नाही. त्याने आपला मळा पाटीपाटीने खणून माझ्या कातळात ओतला होता. खाली मळ्याचा एक कोपरा हातभर खचलेला मी येताना पाहिला होता. ओढ्याने खाल्ला असेल असं वाटलं होतं.

इथे माझ्या मनात कृतज्ञता यायला हवी होती. मी खरं लिहितो आहे, तेव्हा सांगतो की ती आली नाही. वाटेत भेटलेली माणसं "सख्याचा बाग बघायला चाललास काय?" असं विचारत होती. सख्याचा बाग! जमीन माझी, आणि बाग सख्याचा. बाने त्याला मळा दिला, मला दगड दिला, आणि त्याने मळा तर ठेवलाच, वर माझ्या दगडाचंही सोनं केलं. नऊ वर्षं मी दुसऱ्यांच्या मातीचे रंग लिहीत होतो. माझ्या स्वतःच्या नावावर एक झाड नव्हतं. माझं तोंड कडू झालं होतं, अगदी खरोखर, जिभेवर.

"साहेब हीच जागा घेतील मा?" सखा म्हणाला. "सड्याच्या पायथ्याशी झरा हाय, तिथं विहीर मारली तर वैशाखातही पानी राहील. मला आता कावड झेपत नाय दादा."

"बघू," मी म्हणालो. "मला माप घेऊ दे."

तो गुरं सोडायला खाली गेला. मी खोली बघायची सळई काढली आणि दोन झाडांच्या मधल्या उघड्या कातळावर ठोकली. खण्णकन वाजली. मग दुसऱ्या ठिकाणी, तिथेही उघडा कातळ बघूनच. मग वही उघडून सुंदर अक्षरात लिहिलं. रंग तांबूस तपकिरी. खोली चार बोटं, कुठे तीही नाही. खाली अखंड जांभा. पाणी धरण्याची शक्ती नाही. चुना नाही. उन्हाळ्यात सडा पूर्ण कोरडा.

एकही शब्द खोटा नव्हता. फक्त कलमांच्या खड्ड्यांत मी सळई घातली नाही, आणि पायथ्याच्या झऱ्याबद्दल लिहिलं नाही. साहेबांनी वाचलं, "छान लिहिता तुम्ही," म्हणाले आणि नदीपलीकडचा सडा पसंत केला. विहीर तिकडे झाली.

पुढच्या ज्येष्ठात सखाचं पत्र आलं. झरा यंदा चैत्रातच आटला. सात कलमं वाळली. साहेबांना आपली जागा पसंत पडली नाही, त्याला तू तरी काय करणार. शेवटी मास्तरांनी लिहिलं होतं, "सखाराम सर्वांस सांगतो की माझा दादा मातीचे वर्णन लिहितो व साहेब त्यावर सही करतात."

ते वाक्य मी पुन्हा वाचू शकलो नाही. पत्र बायकोने वाचलं. तिला काही माहीत नव्हतं. "भावजींचं मन मोठं," ती म्हणाली, आणि त्यावरही मी तिच्यावर खेकसलो.

रजा मिळायला दिवाळी उजाडली. मी गेलो. सखा पडवीत सुंभ वळत बसला होता. चहा होण्याआधीच मी सगळं सांगून टाकलं, सळई कुठे ठोकली तेही.

त्याचे हात थांबले नाहीत. "माहीत हाय मला," तो म्हणाला. "मी खालून बघत होतो. उघड्या कातळावर ठोकताना आवाज वेगळा येतो."

"मग तेव्हा बोलला का नाहीस?"

"वाटला, तुझा काय हिशेब असेल. शिकलेला माणूस." मग त्याने सुंभ बाजूला ठेवला. "सात झाडा गेली दादा. शेवटची दोन मी उपटलीच नाय, तशीच उभी हायत. तुला माझा राग होता तर मला दोन मारायच्या होत्यास. झाडानी काय केला होता?"

त्या दिवशी तो माझ्याबरोबर जेवायला बसला नाही. दुसऱ्याही दिवशी नाही.

परत जाऊन मी साहेबांना सांगितलं. ते म्हणाले, "विहीर तर आता हलवता येणार नाही." त्यानंतर मातीची वर्णनं माझ्याकडे आली नाहीत. मला बियाण्यांच्या गोदामात पाठवलं, तिथेच मी अजून आहे. मग मी चिपळूणच्या कचेरीत जाऊन सडा सखाच्या नावे करून दिला. त्याने अंगठा उठवला, शाई धोतराला पुसली आणि आभाराचा शब्द काढला नाही. काढायला नकोच होता.

तुम्ही म्हणाल, मग मन मोकळं झालं असेल. झालं नाही. दर वैशाखात गवतात बांधलेली आंब्यांची करंडी येते. आमच्या चाळीतली माणसं फोडी खाऊन विचारतात, "तुमच्या बागेतले का?" आणि मी "भावाच्या" असं म्हणून उरलेल्या फोडी त्यांच्याकडेच सरकवतो. मला त्याच्या आंब्यांचा हेवा नाही. त्याच्या तळपायांना पडलेल्या तांबड्या भेगांचा आहे. पाऊस कधी फिरणार हे त्याला वाऱ्यावरून कळतं, त्याचा आहे. गावात गेल्यावर मला सगळे विचारतात, "कवा आलास? कवा जाणार?" त्याला हे दोन प्रश्न आयुष्यात कुणी विचारले नाहीत, त्याचा तर फार आहे.

यंदा वैशाखात मी पंधरा दिवस गेलो होतो. सखाला वाळलेल्या कलमांच्या जागा सोडून नवे खड्डे मारायचे होते. मी त्याच्यामागे वर गेलो. पहार हातात घेऊन तो म्हणाला, "मातीचा माणूस ना तू? सांग, कुठं मारू?"

मी गुडघ्यावर बसलो. दगडाने ठोकून, कान लावून ऐकलं, बारीक फट कुठून गेली आहे ते बोटाने चाचपलं. अगदी मनापासून शोधलं. "इथं मार," मी म्हणालो.

त्याने त्या जागेकडे पाहिलं, दोन पावलं बाजूला सरकला आणि तिथे पहार मारली. माझ्या कानशिलापर्यंत रक्त चढलं. पण का म्हणून विचारायचा हक्क मी त्या माघात घालवला होता.

"पाटी घे," तो म्हणाला.

मी पाटी घेतली. खाली मळ्यात उतरलो, माती भरली, डोक्यावर घेतली आणि वरकसाच्या पायवाटेने परत सड्यावर आलो. पन्नाशीकडे झुकलेल्या, गोदामात बसून सुस्तावलेल्या माणसाला ती चढण सोपी नाही. माझ्या सदऱ्याची पाठ तांबडी झाली. वर पोचलो की तो विचारत नाही की दमलास काय, कधी जाणार. नुसतं बोटाने खड्डा दाखवतो, आणि मी ओततो.