दोन सेकंदांचा स्विच

लूपर म्हणजे पायाशी ठेवायची एक डबी. गिटार वाजवताना तिचं बटण पायानं दाबलं की वाजवलेलं ती धरून ठेवते आणि पुन्हापुन्हा ऐकवते. माझ्या डबीत गिटार नव्हतीच, आईचा आवाज होता. गळ्याच्या ऑपरेशनच्या आदल्या दिवशी मी तिला माइक लावून दिला आणि तिनं भुलाबाईचं एक गाणं म्हटलं. ऑपरेशन नीट झालं, पण आवाज गेला तो गेलाच. आता ती बोलते ते कुजबुजल्यासारखं, फाटकं. त्या गाण्याची दुसरी कॉपी नव्हती. आज करू, उद्या करू म्हणत मी सात महिने काढले. आळशीपणाच, दुसरं काय!

आणि तेच बटण दोन सेकंद दाबून धरलं की आतलं सगळं पुसलं जातं.

त्यामुळे माझा सगळा जीव त्या बटणात. भिलाईत धूळ कुठे नाही? रोज ब्रशनं झटकायची, चप्पल घालून कोणाला पाय ठेवू द्यायचा नाही, काम झालं की वर कटोरी झाकायची. एवढं करूनही ते बिघडलंच. एक दिवस दाबलं तर वरच येईना. दोन सेकंद भरायच्या आत मी ते नखानं उचकटून काढलं, म्हणून गाणं वाचलं.

बाबा इथल्या स्टील प्लांटमधून, इलेक्ट्रिकल मेंटेनन्समधून रिटायर झालेले. रोज संध्याकाळी चहा झाला की म्हणायचे, "लाव बरं तिचं गाणं." स्विच बिघडल्याचं कळलं तर म्हणाले, "बदलून टाकतो. त्यात काय आहे?"

पावर हाऊस भागातल्या बाजारात मी तासभर दुकानदाराचं डोकं खाल्लं. त्यानं आधी दाखवलेले दोन्ही स्विच एकदा दाबले की आत अडकून बसणारे. मला पाय उचलताच वर येणारा हवा होता. तिसरा तसा निघाला. तो मी इतक्या वेळा दाबून पाहिला की दुकानदार म्हणाला, "मॅडम, नया है, यहीं मत घिस दो."

रविवारी सकाळी बाबांनी पेपर पसरला, चष्मा चढवला. मी शेजारी बसून सूचना सुरू केल्या, तर ते चिडले. "मोठमोठ्या मोटरा खोलल्या मी. तू कावून डोकं खाऊन राहिली?" मलाही राग आला आणि मी तोंड मिटलं. तिथेच चुकलं.

कारण प्लांटचा नियम त्यांच्या हाडात मुरलेला. मशीन खोलायच्या आधी सप्लाय तोडायचा, आणि तोडल्यावर स्टार्टचं बटण दाबून धरून बघायचं, खरंच बंद झालं की नाही. या एका सवयीमुळे दहाही बोटं शाबूत राहिली, असं ते सांगत. त्यांनी अडॅप्टर काढला. मग बटणावर अंगठा ठेवला आणि दाबून धरला. डबीत बॅटरीही होती. लाइट गेली तर असावी म्हणून मीच घातलेली, आणि ते सांगायचं राहून गेलं होतं. मी "बाबा" म्हणेपर्यंत डबीवरचा दिवा लुकलुकून विझला.

त्यांना काही कळलं नाही. नवा स्विच त्यांनी झकास बसवला. "आता दहा वर्ष पाहाचं काम नाही. लाव." मी दाबलं. डबी मुकाट. "वाजून कावून नाही राहिलं?"

मला त्यांच्यावर ओरडायचं होतं. पण त्यांचा तो खूश चेहरा पाहून ओरडता येईना. मी बॅटरीचं सांगितलं. ते अंगठ्याकडे पाहत राहिले. "म्हणजे मी पुसलं?"

आई कणीक भिजवता भिजवता दारात आली होती. मी रडतच तिला सांगितलं, तुझं गाणं गेलं, माझ्यामुळे गेलं. ती माझी समजूत घालेल असं मला वाटलं होतं. ती खाली बसली आणि म्हणाली, "बरं झालं."

"काय बरं झालं?" मी विचारलं.

"रोज सांजचं तुमी दोघं त्या आवाजापाशी बसत होते," ती थांबत थांबत म्हणाली. "मी इथंच होती. माह्याशी बोलाले कोणाले वेळ नव्हता."

बाबांनी विचारलं, "काय बोलाचं होतं तुले?"

तिनं बोटांना लागलेली कणीक काढली. "आता याद नाही," म्हणाली.