लेकीच्या घटाची माती

पत्नीच्या मोठ्या आतड्याच्या कर्करोगाची शस्त्रक्रिया उन्हाळ्यात नाशिकमध्येच झाली. गाठ पूर्ण निघाली, असं डॉक्टरांनी सांगितलं. आतला शिवलेला भाग भरून येईपर्यंत शौचाचा मार्ग पोटावर काढून दिला होता आणि तिथे एक पिशवी चिकटवलेली होती. अंगात ताकद आली, वजन पूर्ववत झालं की दुसरी शस्त्रक्रिया करून तो मार्ग पुन्हा आत जोडायचा, असं ठरलं होतं. जखम भरली. वजन मात्र उतरतच गेलं. त्याचं कारण मला आधी कळलं नाही, आणि कळल्यावर उपाय सापडेना.

ती धीराची आहे हे मला संसाराच्या पहिल्या वर्षातच कळलं होतं. किती धीराची, ते या आजारात पाहिलं. परिचारिका पिशवी बदलायला शिकवत होती तेव्हा मी खिडकीकडे पाहत होतो आणि ती आपल्या पोटाकडे. घरी आल्यावर सुरुवातीला मी मदत करायचो. लवकरच तिने ते काम स्वतःकडे घेतलं. माप घेऊन पिशवीच्या चिकट चकतीला छिद्र कापायचं, कातडी कोमट पाण्याने पुसून कोरडी करायची, चकती लावून तळहाताच्या उबेने दाबून धरायची. पोळी लाटावी इतक्या सहज ती हे करू लागली. दुखतं का, असं विचारलं तर उलट मलाच विचारायची, "तुम्ही चहा घेतला का?"

पण ती देवघरात जाईनाशी झाली. "अंगावर हे घेऊन देवापुढे कशी बसू?" एवढंच एकदा म्हणाली. आमच्याकडे देवाचं सगळं तीच करत आलेली. आता पूजा माझ्याकडे आली. ती उंबऱ्याबाहेर उभी राहून फुलं कुठली कुणाला ते सांगायची. त्याच सुमारास तिचं जेवण कमी झालं. भूक नाही म्हणायची. बऱ्याच दिवसांनी खरं कारण बोलली: खाल्लं नाही की पिशवी रिकामी राहते, आणि रिकामी असली की स्वच्छ वाटतं. डॉक्टरांनी तिला समजावलं, अशाने पुढची शस्त्रक्रिया करता येणार नाही हेही सांगितलं. तिथे तिने मान हलवली. घरी आल्यावर दोन घास खाऊन ताट बाजूला सारलं. मी तिच्या आवडीचं करून पाहिलं, रागावून पाहिलं, गप्प राहून पाहिलं.

नवरात्र आलं तेव्हा तिने सांगितलं की, नऊही दिवस उपास धरणार, फक्त पाण्यावर. "देवीचं हाताने होत नाही, एवढं तरी करते." भूक नाही म्हणणाऱ्या माणसाला खाऊ घालता येतं. देवीचं नाव घेतलेल्या माणसाच्या ताटात मी काय वाढणार होतो? त्या दिवसांत मी देवीशी मनात बरंच बोललो. त्याला प्रार्थना म्हणता येणार नाही. भांडण म्हणता येईल.

घटस्थापनेच्या सकाळी मी देवघरात परडी मांडून बसलो होतो. माती मी नर्सरीतून आणली होती, पिशवीबंद, निर्जंतुक केलेली. तशी पत्नीनेच सांगितली होती. यंदा सगळं स्वच्छ हवं, हा तिचा आग्रह. नेहमीप्रमाणे ती उंबऱ्याबाहेर उभी होती. दाराची घंटी वाजली.

दारात साठीच्या आसपासची एक बाई होती. डोक्यावरून पदर, खांद्याला जड कापडी पिशवी. "सुरेखाचं घर हेच ना?"

मी म्हणालो, हे नव्हे, या नावाचं कुणी इथे राहत नाही. तिने दाखवलेला पत्ता मागच्या गल्लीतला निघाला.

"घ्या! पार जिना चढून आले. पाणी द्या भाऊ घोटभर." ती आत येऊन बसली आणि न विचारता सांगू लागली. ती सिन्नरकडची, पहाटेच्या एसटीने आलेली. लेकीच्या लग्नानंतरचे हे पहिले घट, म्हणून तिच्यासाठी आपल्या वावरातली माती आणली होती. बोलता बोलता तिची नजर परडीकडे गेली.

"हे काय हो? घटाला चहाची पावडर?"

"माती आहे ती," पत्नी म्हणाली. "नर्सरीतली. एकदम स्वच्छ."

"लय स्वच्छ हाय, म्हणून तर जीव नाय तिच्यात." तिने आपल्या पिशवीचं तोंड उघडलं. "ही बघा. लेंडीखत मुरलेलं हाय. वास घ्या."

"देवीपुढे लेंड्या?"

"आता इतकी वर्षं काय मांडत होता वहिनी, अत्तर? अन् तुम्ही अशा बाहेर काय उभ्या? भाऊंना काय जमतंय ते! कसे बसलेत बघा, जसं काही कुणी शिक्षा केली."

"मला चालत नाही," पत्नी म्हणाली.

"या वयात कसली अडचण?"

नेमकं त्याच वेळी पत्नीच्या पोटावरच्या पिशवीतून आवाज आला. तो कधी येईल याला काही नेम नसतो. त्या भीतीनेच ती लोकांत जात नसे. तिचा चेहरा उतरला. मी काहीतरी बोलायला तोंड उघडलं, पण तीच आधी बोलली. सख्ख्या बहिणीला जे सांगितलं नव्हतं ते तिने या अनोळखी बाईला सांगितलं: ऑपरेशन, पिशवी, देवघर, उपास, सगळं.

बाईने मध्ये एकदाही "अरेरे" म्हटलं नाही. ऐकून झाल्यावर म्हणाली, "मग? सगळ्यांच्या पोटात तेच हाय की. तुमचं बाहेरून दिसतं, एवढंच. देवीच्या गडावर दर्शनाच्या लायनीत उभं राहतात त्यांच्या पोटात काय केवडा असतो?"

पत्नी हसली. आधी नुसतीच, मग पोटाला हात धरून, टाक्यांची जागा सांभाळत. ते हसू मी रुग्णालयात गेल्यापासून ऐकलं नव्हतं.

"जिनं जीव वाचवला त्या पिशवीला नावं ठेवू नका," बाई हसत नव्हती. "अन् उपाशी राहून तिला उपाशी मारू नका. देवीला आवडायचं नाय." तिने आपली निम्मी माती आमच्या परडीत ओतली. लेकीला कमी पडेल, असं आम्ही म्हटलं. "तिच्या घटाला पुरून उरंल," म्हणाली आणि गुडघ्यावर हात टेकून उठली.

ती गेल्यावर पत्नीने हातपाय धुतले आणि देवघरात आली. मला म्हणाली, "सरका." तिला खाली बसता येत नव्हतं, म्हणून मी लहान स्टूल दिलं. तिने माती हाताने मोकळी केली, ढेकळं फोडली, धान्य पेरलं, घट बसवला. दुपारी वरणभाताचा नैवेद्य दाखवला, मग स्वतःचं पान घेतलं. दुसऱ्यांदा भात वाढून घेतला तेव्हा मी वर पाहिलं नाही. पाहिलं असतं तर तिला अवघडल्यासारखं झालं असतं, मलाही. संध्याकाळी पिशवी भरली. ती न्हाणीघरात जाऊन रिकामी करून आली, हात धुतले आणि देवघरात जाऊन दिव्यात तेल घातलं.

त्या बाईला वाट चुकवून आमच्या दारी कुणी आणलं, याचा मी दावा करत नाही. पत्ता चुकणं रोजचं आहे, आणि तिची लेक खरोखरच मागच्या गल्लीत राहते. आम्ही नंतर भेटून आलो. मला एवढंच सांगता येतं की, मला महिनोन्‌महिने जे जमलं नाही ते तिथे झालं, आणि मी त्यात काहीही केलं नाही. शरण जाणं म्हणजे आपलं नीटनेटकं तेवढं देवापुढे नेणं, असं मी समजत होतो. पत्नी जे लपवत होती तेच घेऊन आत गेली. एवढी हिंमत माझ्यात नाही. ती पाहायला मिळाली, यासाठी मी देवीचा ऋणी आहे. पत्नीचं वजन आता हळूहळू वाढतं आहे. डॉक्टर अजून थांबा म्हणतात, आम्ही थांबलो आहोत. जेवायच्या वेळी आता तिला बोलवावं लागत नाही. ती पानं घेते आणि मला हाक मारते.